अभ्यासाला कोण मदत करतं?

देवयानीबाईंना रकान्यांचं भारी वेड. किराण्याची यादीसुद्धा त्या रेघा आखून करत. त्यामुळे यंदा कृती संशोधनासाठी त्यांनी नववीच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणालाच नवल वाटलं नाही. मूल शाळेत पुढे जातं ते घरामुळे, मित्रांमुळे की शिकवणीमुळे, एवढं त्यांना शोधायचं होतं.

सातवा प्रश्न होता, ‘घरी अभ्यासाला कोण मदत करतं?’ आई, वडील, भावंडं, शिकवणी, कोणी नाही. शेळगीकडच्या एकाच गल्लीतल्या नऊ मुलांनी ‘कोणी नाही’वर खूण केलेली. बाईंना गलबलून आलं. या नऊ जणांचे गुण चांगले आहेत हे शेजारच्याच रकान्यात दिसत होतं. पण एकदा कणव दाटून आली की शेजारी कोण बघतो? त्यांनी मुख्याध्यापक मुकुंद सरांना गाठलं आणि सोमवारपासून या मुलांसाठी रोज साडेपाच ते सात जादा तास मंजूर करून घेतला. शिकवणार त्या स्वतः. नोटीसही लागली.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या नऊ जणांतली दानेश्वरी समोर येऊन उभी राहिली.

“बाई, जादा तासाला आमी न्हाय आलो तर चालंल का?”

“का गं? घरी काम असतं?”

“काम न्हाय. त्या वेळेला आमी अक्काकडं वाचत बसतो की. आमच्या गल्लीतली काशम्माक्का.”

“मग ती मदत करते, असं सांगायचं नाही का?”

दानेश्वरीला हसूच आलं. “बाई, अक्काला कुटं वाचता येतंय?”

बाईंना काही उलगडेना. संध्याकाळी त्यांनी स्कूटी काढली आणि थेट गल्ली गाठली.

पत्र्याच्या शेडमध्ये काशम्मा चुलीपुढे कडक भाकऱ्या करत होती. हॉटेलांना पुरवायचा तिचा धंदा. पाठीमागे भाकऱ्यांची चळत, पुढ्यात पोत्यांवर बसलेली नऊ पोरं, आणि श्रीशैल मोठ्याने विज्ञान वाचत होता. गाडीने अचानक ब्रेक लावला की आतली माणसं पुढे झुकतात.

“याके?” थापता थापता काशम्माने कानडीत विचारलं. असं का, म्हणून.

श्रीशैल अडखळला. दानेश्वरीने पुस्तक ओढून घेतलं. दोघांनी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बराच घोळ घातला. शेवटी पोरांनी एकाला पोत्यावर बसवून ओढलं आणि ती एकदम थांबली. तो पुढे कोलमडला.

“असं व्हय! म्हणजे अक्कलकोटच्या यष्टीत मी कंडक्टरच्या अंगावर पडले, त्यात माजी चूक नव्हती की!” काशम्मा म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या बाई खो खो हसल्या, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. वीस वर्षं त्या हाच धडा शिकवत होत्या. मुलांना तो इतक्या जिवाच्या आकांताने कुणाला तरी समजावून सांगावा लागेल, अशी वेळ त्यांनी कधी आणलीच नव्हती.

बाईंना बघून काशम्मा गडबडीने उठली. पिठाचे हात पदराला पुसले. पोरांनी जादा तासाचं तिला सांगितलंच होतं.

“न्या की बाई पोरांना. तुमी शिकलेल्या. त्यांचं चांगलंच हुईल.”

मग ती हळूच म्हणाली, “पाचवीपासनं मी ह्यांच्यासंगं हाय. मला तर शाळेत कुणी घातलंच न्हाय. आता नववीपत्तुर आले. ह्ये तिकडं गेले, तर माजी शाळा सुटंल, एवढंच.”

बाईंनी तिथूनच मुकुंद सरांना फोन लावला.

“सर, जादा तास रद्द करा. माझं चुकलं.”

“अहो बाई, नोटीस लागलीय!”

“मीच लावली, मीच काढते.”

फोन ठेवून त्या एका पोत्यावर टेकल्या. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. काशम्मा पुन्हा चुलीपुढे बसली, पिठाचा गोळा हातात घेतला, पण थापेना.

“बाई, इचारू का? दहावीची पुस्तकं कवा मिळत्यात? गणित लई जड हाय म्हनं. आदीपासनं लागायला पायजे मला.”