चहात बुडवलेला पांढरा झगा

मित्रांनो, मला पडद्यावर पाहाल तर शपथेवर सांगाल, की हा झगा दुधासारखा शुभ्र आहे. खरे सांगू? मी एक जुना, चहात बुडवलेला लग्नाचा झगा आहे. शुभ्र असा मी आयुष्यात एकच तास होतो, आणि तेवढ्यात एका बाईची नोकरी जायची वेळ आली.

माझा जन्म १९३६ सालचा, हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या कपडेखात्यातला. अंगभर रेशीम, गळ्याभोवती मण्यांची वेल. अकरा बायकांनी तीन आठवडे खपून मला शिवले आणि शेवटी फिक्या निळ्या रंगात बुडवले. सिनेमे तेव्हा काळेपांढरे असत. खरा पांढरा कपडा त्या प्रखर दिव्यांखाली असा चमके, की नटीचा चेहराच हरवून जाई. म्हणून नवरीला निळसर झगा घालायचा. पडद्यावर तो पांढरा दिसायचा. खात्यात हे सगळ्यांना इतके पाठ होते, की नव्या बाईला सांगायचे कोणाला सुचलेच नाही.

ही नवी बाई म्हणजे ऑफेलिया बारागान. वय तिशीचे, नवरा वारलेला, पदरी एक मुलगी. बॉइल हाइट्स वस्तीतल्या लाँड्रीत दहा वर्षे राबून तिची छाती वाफेने धरली होती. पुन्हा त्या वाफेत पाऊल टाकू नको, असे डॉक्टरने बजावले होते. इथे तिला हा सिनेमा लागेपर्यंत पारखून मग ठेवायचे की नाही ते ठरणार होते.

चित्रीकरणाच्या दिवशी पहाटेच मला इस्त्रीसाठी तिच्यापुढे ठेवले. तिने मला उजेडात धरले आणि कळवळली, "अरे देवा! कोण ही गाढवीण? नीळ किती ओतलीय! बिचारी नवरी!"

आणि तिने मला मन लावून धुतले. काय हात होते तिचे! एकही मणी हलला नाही, पण निळसर छटा मात्र पार उतरली. मी पांढराशुभ्र झालो आणि, कबूल करतो, जरा चढूनही गेलो.

तासाभरात खात्याच्या प्रमुख मिसेस हाल्पर्न आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय केलंस?"

"नीळ काढली, बाई. जास्त झाली होती."

"अगं, तो रंग होता! मी स्वतः मिसळलेला! अकरा वाजता सेटवर हवाय हा, आणि त्या निळ्या रंगाचा थेंब शिल्लक नाही!"

ऑफेलियाने इस्त्री खाली ठेवली. "मग मी परत लाँड्रीत?"

"ते नंतर बघू. आधी ह्याचं काय ते बोल."

ऑफेलियाने माझी बाही चाचपली. मग म्हणाली, "लाँड्रीत जुन्या लेसला नवी जोडायची असली, की आम्ही नवी चहात बुडवायचो. पांढरेपणा मरतो."

"चहा? इथे सगळे कॉफी ढोसतात!"

"ते इंग्रज नट आहेत ना, बाई. चार वाजता चहाला जमतात ते. कॅन्टीनमध्ये त्यांचा डबा असतो."

मिसेस हाल्पर्न स्वतः जाऊन डबा घेऊन आल्या, पदराआड लपवावा तसा एप्रनखाली लपवून. पत्ती फडक्यात बांधून मोठ्या टबात चहा उकळला आणि गार केला. त्यात मी बुडालो आणि फिक्या सायीच्या रंगाचा होऊन बाहेर आलो. पण घाईत चहाची पुरचुंडी सुटली आणि थोडी पत्ती डाव्या छातीवर चिकटून राहिली. मला नायिकेच्या अंगावर चढवले तेव्हाच तो अक्रोडाएवढा तपकिरी डाग दिसला.

ऑफेलिया लपून बसली असती तर कोणी शोधले नसते. ती सरळ नायिकेसमोर, कोरिन लॅथमसमोर, जाऊन उभी राहिली. "डाग माझ्या हातून पडलाय."

कोरिनने आरशात पाहिले. "इथे? मग फुलं इथे धरते. फक्त त्या इंग्रजांना सांगू नकोस, की त्यांचा चहा मी अंगावर घालून फिरतेय."

सिनेमा लागला. वर्तमानपत्रांनी लिहिले, की नवरी फुले काळजाशी धरते तो क्षण म्हणजे अभिनयाचा कळस. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या नवऱ्या तशीच फुले धरून चालल्या म्हणे. मिसेस हाल्पर्ननी ते कात्रण मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, "बारागानबाई, अभिनय कुणी शिकवला ते छापायचं राहिलं. सोमवारी सातला ये. आणि त्यानंतर रोज ये."

ती एकोणतीस वर्षे येत राहिली. माझ्या बाह्या कापल्या, घोळ आखूड केला, दुय्यम नट्यांनी आणि मग गर्दीतल्या बायकांनी मला घातले. जी घालेल तिच्या नावाची पट्टी गळ्याच्या आत शिवायची, अशी तिथली रीत. नऊ पट्ट्या झाल्या. सगळ्या ऑफेलियाने शिवल्या.

मग सिनेमे रंगीत झाले आणि मी खोक्यात गेलो. किती वर्षे, मला ठाऊक नाही. कपडे कुरतडणाऱ्या कसरीने काही मोजू दिले नाही. अखेर एका लहान संग्रहालयाने मला उचलले. तिथल्या रूथ ताकाहाशीने मला फुलासारखे उलगडले आणि डाग काढायला पाणी तयार केले. एवढ्यात पेपरात माझा फोटो पाहून काठी टेकत एक म्हातारी आली.

"काय करतेस, पोरी?"

"डाग काढतेय, आजी. इतका सुंदर झगा!"

म्हातारी हसत सुटली. खुर्ची ओढून बसली, तरी हसू थांबेना. "मीही नेमकं हेच केलं होतं," ऑफेलिया म्हणाली, आणि सगळे सांगितले.

रूथने पाणी ओतून दिले.

मित्रांनो, तुमच्या पेटीतून माझ्यासारखे कोणी जुने निघाले, तर साबणाला हात घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा डाग कोणाचा? मी नशीबवान, मला विचारणारी भेटली. माझ्या गळ्याशी नऊ नावे आहेत, मला घालणाऱ्यांची. दहावे नाव पडद्यावर कधी झळकले नाही. ते आता काचेपाशी कार्डावर आहे: 'डाग चहाचा. ऑफेलिया बारागान यांच्या हातचा.'