पांढरी भुकटी

टाकाऊतून सुंदर घडवणं हे माणसाच्या हातून होणारं सर्वांत नम्र काम आहे, असं दादा गेली सहा वर्षं सांगत आले होते. समोर माईक असला की जरा जास्तच नम्रपणे सांगत.

टाकाऊ म्हणजे धाकट्या भावाच्या फरशीच्या कारखान्यातली ग्रॅनाइटची भुकटी. मातीत कालवली की ती भट्टीत वितळून भांडं पक्कं करते. भाऊ पोती भरून पाठवी. दादा भाषणात त्याचा उल्लेख 'स्थानिक स्रोत' असा करत.

या खेपेला पुतणीच्या नव्या खानावळीसाठी चाळीस वाडगे करायचे होते, तेही पांढरे. भावाला विचारलं तर तो तासभर दगडांवर बोलणार, आणि कलाशाळेत शिकलेल्या माणसाने फरशीवाल्याकडून काय शिकायचं? भावाच्या जेवणाची वेळ साधून दादा कारखान्याच्या शेडमध्ये गेले, उकडायला लागलं म्हणून जाकीट भिंतीवर अडकवलं आणि पांढरीशुभ्र भुकटी स्वतःच भरून आणली.

वाडगे असे उतरले की दादांनी स्वतःचीच पाठ थोपटली. आठव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सूपमध्ये वाडग्याचाच टवका पडला. मग फळीवरचे वाडगेही टक् टक् टवके उडवू लागले.

दादांनी एक टवका निरखला आणि समजायचं ते समजले. भुकटी संगमरवराची होती. तिचे कण भट्टीत चुना होतात, मग हवेतली ओल पिऊन फुगतात आणि भांडं आतून फोडतात. हे त्यांना कलाशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि नेमकं म्हणूनच कबूल करवेना. "तुझ्या बाबाने पोती मिसळली," ते पुतणीला म्हणाले.

भाऊ तिथेच उभा होता. "असेल, दादा. माझंच लक्ष नसेल."

दोन दिवस दादांनी कारखान्याची वाट टाळली. तिसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. भाऊ कटरवर होता, पापण्यांपर्यंत पांढरा.

"ये दादा. पोत्यावर नको बसू, पँट खराब होईल."

"मी काय म्हणतो..." दादांनी मान वर केली आणि पुढचं राहिलंच. त्यांचं जाकीट टांगलं होतं तिथेच धूळ खात होतं. त्यांनी ते काढलं. खाली पाटी होती, तेलरंगात, टपोऱ्या अक्षरांत: 'संगमरवर. दादाला देऊ नये.'

"तू हे जाकीट इथे कधी बघितलंस?"

"तू बोललास त्या दिवशीच. खरंच माझं चुकलं का म्हणून बघायला आलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

भाऊ कटर पुसू लागला. "म्हटलं, जाकीट न्यायला येशीलच की."

दादांचे कान तापले. जाकीट काखोटीला मारून ते तडक खानावळीत गेले. वाटेत माफीची तीन वाक्यं जुळवली. त्यांत 'नम्र' हा शब्द दोनदा आला. दोन्हीदा काढून टाकला.

"बाबाचं काही चुकलं नव्हतं. भुकटी मीच उचलली, आणि वर खोटं बोललो," ते पुतणीला म्हणाले. "सगळे वाडगे नवे करून देतो."

"बसा काका," ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे सूप ठेवलं.

वाडगा स्टीलचा होता.