निळी ज्योत, लाल तार

"बेटा, तुझ्या डोक्यावर... काँक्रीट आहे!"

त्रिलोकदर्शी महाराजांनी मिटल्या डोळ्यांनी हे सांगितलं मात्र, मराठी मंडळाच्या हॉलमधली दोनशे डोकी एकदम छताकडे वळली. समोर उभ्या विश्वासरावांनी तर गहिवरून हात जोडले. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतले सगळे क्वार्टर एका साच्यातून काढलेले होते आणि सगळ्यांची छपरं काँक्रीटची होती. वरून उडणाऱ्या कावळ्यालाही ते दिसत होतं, पण कावळ्याच्या अंगावर भगवी शाल नव्हती.

"खोल्या दोन. नळ घरातच. नांदतं जोडपं एक. आणि सायकल... सायकल दिसते मला."

"सायकल नाही महाराज," विश्वासराव चाचरले. "विकली गेल्या वर्षी."

"वाटेवर आहे!" महाराज म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

चौथ्या रांगेत मंदाकिनी गद्रे बसल्या होत्या. वसाहतीच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि अशा टाळ्या ऐकून त्यांच्या अंगाची नुसती आग व्हायची. पण आज गप्प बसणं भाग होतं. शेजारी नवरा होता, अच्युतराव, टर्निंग शॉपचे फोरमन. त्यांचा डावा डोळा वीस वर्षांपूर्वी लेथवरचा लोखंडी कीस उडून गेला होता. उजव्यात आता मोतीबिंदू पिकला होता आणि सोमवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

महाराजांनी अच्युतरावांच्या कपाळावर हात ठेवला. "चाकू नको. रविवारपासून अकरा दिवस डोळ्यात मध आणि कांद्याचा रस. घाबरू नकोस, तुझं घर मला स्वच्छ दिसतंय. स्वयंपाकघरात निळी ज्योत आहे. गॅसची! पवित्र ज्योत!"

"होय महाराज!" अच्युतराव जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. कारण पहिल्याच रांगेत सदाशिवराव टेंबे बसले होते. क्वार्टर देणं आणि काढून घेणं त्यांच्या हातात होतं.

आता खरं सांगायचं तर वसाहतीत वीज कारखान्याची आणि बिल नावापुरतं. त्यामुळे घरोघरी डाळभात शिजायचा तो लाल तारेच्या हीटरवर. हीटरला सक्त बंदी होती, सापडला तर क्वार्टर खाली करण्याची नोटीस. म्हणून प्रत्येक स्वयंपाकघरात एक सिलिंडर क्रोशाचं झाकण घालून उभा असायचा आणि पाहुणे आले की पेटायचा. हॉलमधल्या दोनशेही जणांना हे ठाऊक होतं, आणि दोनशेही जणांनी निळ्या ज्योतीला माना डोलावल्या.

मंदाकिनीबाईंनी मात्र मान वर केली. याला तिन्ही लोक दिसतात, आणि हीटर दिसत नाही?

घरी येताच अच्युतरावांनी फोन उचलला. "दवाखान्याला नाही म्हणून सांगतो. महाराजांनी आपली ज्योत ओळखली गं!"

"कुठली ज्योत? सिलिंडरवर मनीप्लँट ठेवलाय चार महिने!"

"ते ज्योतीचं तत्त्व बघतात."

"आणि कांद्याचा रस घालून हा डोळा गेला तर? दुसरा आहे का?"

अच्युतराव फोनची तार बोटाला गुंडाळत राहिले. कुठल्याही मशीनला न घाबरलेला हा माणूस डोळ्याजवळ येणाऱ्या पात्याला भीत होता. "रविवारपर्यंत थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "एवढं ऐका माझं." अच्युतरावांनी फोन खाली ठेवला.

रात्री भाजी परतताना लाल तारेकडे बघून बाईंना एकदम आठवलं. चार वर्षांपूर्वी जनगणनेची घरयादी झाली, तेव्हा शाळेतल्या इतर मास्तरांसारख्या त्याही प्रगणक म्हणून दारोदार हिंडल्या होत्या. छप्पर कशाचं, खोल्या किती, टीव्ही, सायकल, टेलिफोन. मग यायचा प्रश्न, स्वयंपाकाचं इंधन कोणतं? मागे हीटरवर वरण रटरटत असताना बायका बेधडक सांगायच्या, "गॅस." आणि बाई गॅस लिहायच्या. स्वतःच्या घरापुढेही त्यांनी गॅसच लिहिलं होतं. हे खोटं वसाहतीने एकाच कागदावर सांगितलं होतं. मग ते महाराजांपर्यंत पोचलं कसं?

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मिनीबस पकडून अरेरा हिल्सवरच्या जनगणना कार्यालयात गेल्या. तिथले काशिनाथबाबू चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, किसी एक घर का हाल तो हम किसी को नहीं बताते. वार्ड के आँकड़े चाहिए तो वो अलमारी खुली है, जो चाहे देख ले."

"और कोई आया था देखने?"

"एक भगवे कुर्तेवाले आए थे, पंद्रह दिन हुए. बड़े मन से उतार रहे थे. हमने समझा पीएचडी कर रहे हैं."

बाईंनी वसाहतीच्या वॉर्डाचा तक्ता काढला. रकान्यावरून बोट फिरत फिरत इंधनापाशी आलं. गॅस, शंभरात अठ्ठ्याण्णव घरं. वीज, शून्य. म्हणजे सगळ्याच मास्तरांनी तेच लिहिलं होतं! बाईंना हसूही आलं आणि लाजही वाटली. त्यांनी झेरॉक्स करून पर्समध्ये घातली.

रविवारी हॉल आणखी खच्चून भरला. अच्युतराव व्यासपीठावर मान मागे टाकून बसले होते आणि चेला रसाचा चमचा घेऊन तयार होता. तेवढ्यात मंदाकिनीबाई उठल्या.

"थांबा! मलाही दृष्टी आली आहे." त्या वर चढल्या, डोळे मिटून त्यांनी हात पसरले. "नीळकंठराव, तुमच्या घरी टीव्ही आहे!"

"आहे!"

"मोटार नाही!"

"नाही हो बाई!"

"स्कूटर आहे!"

"नाही."

"वाटेवर आहे!"

हॉल खदखदला. बाईंनी झेरॉक्स उलगडली. "ही माझी दृष्टी. जनगणनेचा तक्ता, कुणालाही बघता येतो. शंभरातल्या ब्याण्णव घरी टीव्ही. म्हणजे 'टीव्ही आहे' एवढं म्हटलं, की शंभरात ब्याण्णव वेळा मी देवी! उरलेल्या आठांचा वाटेवर."

"आकडे मर्त्य आहेत!" महाराज गरजले. "मी ज्योत पाहिली! घरोघरी निळी ज्योत!"

"तीच तर या तक्त्यात आहे," बाई म्हणाल्या. "आणि ती खोटी आहे. मीच लिहिली, सरकारी कागदावर, समोर दुसरंच दिसत असताना. आमचं खोटं यांनी जसंच्या तसं उतरवलं. खरंच घर दिसत असतं तर यांना खरं दिसलं असतं. आता तुम्हीच सांगा, निळी ज्योत कुणाच्या घरी आहे?"

सगळे टेंबेसाहेबांच्या टकलाकडे बघत राहिले. चेल्याने चमचा पुढे सरकवला.

अच्युतरावांनी तो हाताने बाजूला केला आणि ते उभे राहिले. "टेंबेसाहेब, आमच्याकडे हीटर आहे. दोन हजार वॅट. कॉइल मीच बदलतो." मग ते महाराजांकडे वळले. "आणि महाराज, ती तार लाल असते. एवढी लाल की या डोळ्यालासुद्धा दिसते."

मागून विश्वासरावांचा हात वर आला. मग नीळकंठरावांचा. मग अख्खी रांग. शेवटी टेंबेसाहेबांच्या पत्नी रत्नप्रभाबाई उठल्या, "आमच्याकडे दोन आहेत," म्हणाल्या, आणि साहेबांनी रुमालाने तोंड झाकलं.

त्या गदारोळात महाराज मागच्या दाराने सटकले. झोळी राहिली. तिच्यात तोच तक्ता निघाला, शिवाय पुढच्या आठवड्यासाठी अवधपुरी वस्तीचा, त्यानंतरसाठी अशोका गार्डनचा, आणि मधाची बाटली.

तेव्हा बाबांनो, कुणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे शेजारच्या किती घरांना लागू पडतं? आणि त्याला कळलं कुठून? उत्तर बहुतेक वेळा एखाद्या उघड्या कपाटात असतं, फक्त बस पकडून जावं लागतं. डोळ्याचं दुखणं मात्र डोळ्याच्या डॉक्टरकडेच न्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर अच्युतरावांनी बायकोकडे नीट बघून घेतलं, मग तिच्या पर्समधून ती झेरॉक्स मागितली. बारीक छपाई त्यांनी कागद लांब धरून स्वतः वाचली आणि विजेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मंदा, पुढच्या जनगणनेला इथे खरं लिही हं."

"लिहीन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.