लाल-पिवळ्या पताका

वेणुजाने दोरीचं उरलेलं वेटोळं टाचेने बाकाखाली सरकवलं, त्यावर ताडाच्या झावळीचा तुकडा ओढला आणि मग मैदानाकडे तोंड करून हाक दिली.

"सर, दोरी संपली."

अमृतनाथन सर चुन्याची बादली घेऊन धावपट्टीच्या रेषा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसता हात हलवला.

"मग पिवळ्यांशी जमवून घ्या. दोघांत मिळून एकच बांधा. पाहुणे दोनला येतायत, आता मला कुणी दुकानात पिटाळू नका."

तिला नेमकं हेच हवं होतं.

शाळेची चार घरं होती, लाल, पिवळं, निळं आणि हिरवं. क्रीडादिनाला मैदानाच्या कडेने चौघांचे चार मांडव पडायचे आणि मांडवाच्या सजावटीला वीस गुण असायचे. गेली तीन वर्षं ते वीस गुण निळ्यांनी पळवले होते. यंदा लाल घराची कप्तान वेणुजा होती. सतरा वर्षं ती 'हळू बोल', 'खाली बघून चाल' हेच ऐकत वाढली होती. गेल्या महिन्यात कप्तान म्हणून पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली, तेव्हा आपला आवाज पार विहिरीपलीकडच्या वर्गापर्यंत पोचतो हा शोध तिला लागला. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शेजारच्या मांडवातून पिवळ्यांची कप्तान दिलक्षी पताकांचा गठ्ठा घेऊन आली आणि वेणुजाने दोरीवर काय चालवलंय ते बघून जागीच थांबली.

"एक लाल, एक पिवळी, अशी लावतेयस?"

"मग काय, आधी सगळ्या लाल आणि मागून तुमच्या? अर्धा मांडव भाजलेला आणि अर्ध्याला कावीळ, असं दिसेल ते."

"कसं दिसेल ते जाऊ दे. कुणाला दिसेल ते बघ."

"घाबरट कुठली."

"घाबरट तर घाबरट," दिलक्षी म्हणाली. "माझे अप्पा घरी आहेत. ते घरीच राहावेत, एवढंच."

वेणुजाने पुढची पताका दोरीला बांधली. तिचे अप्पा घरी नव्हते. ती दीड वर्षांची असताना, युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात, ते खाडीवरच्या पुलापलीकडे गेले, लष्कराच्या माणसाला आपलं नाव सांगून एका बसमध्ये चढले. ती बस कुठे गेली हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

वेगळ्या तमिळ देशासाठी लढलेल्या चळवळीचा, आता बंदी असलेला झेंडा तिने पाहिला होता तो एकदाच, एका मैत्रिणीच्या फोनवर. लाल कापडावर वाघाचं पिवळं डोकं, भोवती गोळ्यांचं कडं, मागे फुली मारल्यासारख्या दोन बंदुका. मैत्रिणीने तो दाखवला आणि लगेच पुसूनही टाकला. पण लाल-पिवळ्याची जोडी तिला पाठ होती. दर नोव्हेंबरात मेलेल्यांच्या आठवणीचा आठवडा आला की वेशीवरच्या खांबांवर ती जोडी एका रात्रीत उगवायची आणि सकाळी शाळेत जाताना तिच्या चिंध्या चिखलात पडलेल्या दिसायच्या. एकदा तरी ती दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाऱ्यावर फडफडावी, असं तिला वाटायचं. त्यापलीकडे तिने फारसा विचार केला नव्हता.

विचार आईने केला होता. तिची आई, योगमलर, गावात शिवणकाम करायची. लाल कापडाच्या साठ पताका तिने दोन संध्याकाळींत मशीनवर काढून दिल्या. दिलक्षीची आई पिवळं कापड घेऊन आली, तेव्हा मात्र तिने ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. "पिवळं मी शिवत नाही," ती म्हणाली. का, असं वेणुजाने विचारलं, तर म्हणाली, "डोळ्यांवर येतं."

अकराच्या सुमाराला दोरी वर चढली. खाडीकडून वारा आला आणि दोन मांडवांच्या माथ्यावरून लाल-पिवळं-लाल-पिवळं असं सळसळत गेलं. पालक यायला लागले होते. ते वर बघायचे, चटकन नजर खाली आणायचे आणि मग खुर्च्यांवर बसून नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलायचे. वेणुजाच्या अंगावर काटा आला. तिला तो फार आवडला.

मोटारसायकल फाटकाशी थांबली तेव्हा साडेअकरा झाले होते. दोघे होते, साध्या कपड्यांतले पोलीस. एक गाडीवरच बसून राहिला. दुसरा, इस्त्रीचा शर्ट आणि बगलेत वही, सरळ लाल घराच्या मांडवाकडे आला. त्याने आधी फोन वर धरून दोरीचे फोटो काढले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हा कोण बांधला?" तो सिंहली माणूस होता. तमिळ बोलायचा, पण वाकडंतिकडं.

अमृतनाथन सर चुन्याचे हात पँटला पुसत धावत आले.

"मुलांनी बांधलंय, साहेब. दोरी कमी पडली हो. म्हणून दोन घरांची एकच केली. मीच सांगितलं."

"कमी पडला." त्याने मान डोलावली. "निळा घरला कमी नाही पडला. हिरवा घरला कमी नाही पडला. फक्त लालला पडला, मग पिवळाकडे गेला."

"मांडव शेजारी आहेत ना, म्हणून."

"सर, तुम्ही ह्या शाळेत किती वर्ष?"

"चार."

"चांगला शाळा आहे. समुद्राचा हवा आहे. राहायचा ना इथे?"

सर हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच अडकलं. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ चुन्याचा माग काढत कॉलरमध्ये गेला. वेणुजा तो ओघळ बघत उभी राहिली. सर खरं बोलत होते. तिने सांगितलं तेच ते सांगत होते. आणि खोटं पाच पावलांवर, बाकाखाली, झावळीच्या तुकड्याआड वेटोळं घालून पडलं होतं. ते सापडलं तर खोटारडे ठरणार ते सरच.

"मी बांधली," ती म्हणाली. आवाज चांगला ठणठणीत निघाला.

त्या माणसाने तिच्याकडे वळून बघितलं आणि वही उघडली.

"नाव?"

"वेणुजा."

"वडील?"

"नाहीत."

"वारला?"

"माहीत नाही."

या गावात या उत्तराचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. त्यालाही लागला नाही. त्याने काहीतरी लिहिलं.

"आई?"

तिची नजर पालकांच्या खुर्च्यांकडे गेली. स्वतःचं नाव देताना मोठा धीर दाखवल्यासारखं वाटलं होतं तिला, आणि या पुढच्या प्रश्नाची आठवणही झाली नव्हती. आईचं नाव त्यांच्याकडे आधीच होतं, जुन्या कुठल्या तरी फाइलीत. युद्ध संपल्यावर आई दोन वर्षं छावणीत होती, चळवळीतल्यांना सुधारायला ठेवत त्या छावणीत. सुटून आल्यावर दर महिन्याला ठाण्यावर सही. ती सही बंद होऊन आत्ता कुठे तीन वर्षं झाली होती. आता अंगणात मोटारसायकल थांबली की ती ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाईचीच असायची.

"आई नाही?" त्याने विचारलं.

"आहे."

"नाव नाही?" तो थोडा हसला. मग वही मिटून त्याने मांडवाकडे बोट केलं. "ठीक. आधी आतला बघू. दोरी संपला म्हणता. किती उरला, बघू."

तो एक पाऊल पुढे आला, तेवढ्यात पालकांच्या खुर्च्यांतून योगमलर उठून आली. गळ्यात कात्री लटकलेली. सकाळपासून मुलांच्या निघालेल्या शिवणी घालत ती तिकडे बसली होती. घाई न करता ती त्याच्या अगदी पुढून मांडवात शिरली आणि बाकावर बसली. बसताना तिचा पाय झावळीला लागला. तिने खाली पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग तिने साडीच्या निऱ्या पसरल्या, त्या जमिनीला टेकल्या, आणि ती बोलायला लागली.

ती सिंहलीत बोलत होती.

वेणुजा नुसती बघत राहिली. शाळेत सिंहलीच्या पेपरात तिला अडतीस मार्क होते आणि त्यावरून आईने तिला पुष्कळ बोलून घेतलं होतं, पण आईला स्वतःला ती भाषा येते हे तिला कधी कळलं नव्हतं. अडखळत नव्हे, भाजी घ्यावी तितकं सहज. त्या बोलण्यातले तुटक शब्द तेवढे वेणुजाच्या हाती लागले. कापड. मशीन. माझी मुलगी. लहान. त्याने काहीतरी विचारलं, तिने एका छावणीचं नाव घेतलं. त्या नावासरशी त्याचा चेहरा बदलला. कडक झाला असंही नाही, मऊ झाला असंही नाही. पुढचा प्रश्न त्याने जरा हलक्या आवाजात विचारला आणि वही परत उघडली.

"पिवळा पण तुम्ही शिवला?" हे त्याने मुद्दाम तमिळमध्ये विचारलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"नाही," योगमलरही तमिळवर आली. "लाल माझं. पिवळं मी हातात घेतलं नाही, कुणालाही विचारा. दोन रंग एका दोरीत ओवू नका, हे पोरांना सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. चूक लिहायची तर ही लिहा."

"उठा जरा. बघू द्या."

सरांनी चुन्याची बादली या हातातून त्या हातात घेतली. त्यांना दोरीचं काही माहीत नव्हतं.

योगमलरने गुडघ्यावर हात ठेवला. "गुडघ्यात लोखंड आहे, साहेब. तेव्हापासूनचं. एकदा बसले की लवकर उठवत नाही. हात देता का?"

लोखंड होतं, युद्धातल्या तोफगोळ्याचा तुकडा, पण ते आईच्या खांद्यात. गुडघ्यात नव्हतं.

तो त्या गुडघ्याकडे बघत राहिला. हात पुढे झाला नाही. मैदानाच्या पलीकडे कुणीतरी माईक फुंकून बघत होतं, आणि मांडवाच्या माथ्यावर पताका फडफडत होत्या.

"सोमवार," तो अखेर योगमलरला म्हणाला. "दहा वाजता. ठाण्यावर. ओळखपत्र घेऊन." मग सरांकडे वळून, "पिवळा काढा. आत्ता. मी फाटकावर उभा आहे."

तो फाटकाकडे चालत गेला. सर काहीतरी बोलायला गेले. योगमलरने त्यांना हाताने थांबवलं. "तुम्ही रेषा मारा, सर. हे आम्ही करतो."

ते गेल्यावर वेणुजा बाकाशी वाकली. "अम्मा, दोरी..."

"माहितेय. मघापासून तिच्यावरच बसलेय."

"मी सरांना सांगते."

"सरांना कशाला? ते खरं बोललेत. त्यांना खरंच बोललेलं राहू दे." ती कशालाही न धरता उठली. "चढ बाकावर. मी खालून घेते."

वेणुजा बाकावर चढली. गाठी तिनेच मारल्या होत्या, घट्ट, तीन-तीन वेळा, सुटू नयेत म्हणून. आता नखं दुखायला लागली. एकेक पिवळी पताका सोडवून ती खाली द्यायची, आई ती घेऊन मधोमध दुमडायची, परत दुमडायची आणि हातावर रचायची. एकही खाली पडू दिली नाही. फाटकावरचा माणूस इकडेच बघत होता.

"अम्मा, तुला परत तिथे जायला लागेल असं वाटलं नव्हतं गं. मला नुसतं वाटलं, छान दिसेल."

"छान दिसत होतं."

वेणुजाच्या हातातली गाठ तशीच राहिली. आई वर बघत नव्हती.

"पण तो पिवळा असा लिंबासारखा नव्हता," ती म्हणाली. "जरा दाट होता."

"तू शिवायचीस?"

"आधी शिवायचे. वाघाच्या मिशा मशीनवर यायच्या नाहीत, हाताने घालाव्या लागायच्या. माझ्या हमखास वाकड्या व्हायच्या. मुली म्हणायच्या, योगाने आज मांजर काढलंय." ती हसली, म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. "दे, थांबू नकोस. तो बघतोय."

वेणुजाने पताका खाली दिली. "आणि नंतर?"

"नंतर कापड मिळेना. पोरंच तेवढी रोज यायची." तिने हातावरची चळत सरळ केली. "शेवटी आमच्या विभागात एकच झेंडा उरला होता. शवपेटीवर घालायचा, खड्ड्यापर्यंत न्यायचा आणि माती टाकायच्या आधी काढून घ्यायचा. तो धुवायचं काम माझ्याकडे होतं. तुला पाठीला बांधून धुवायचे मी."

वेणुजाने हातातली पताका खाली दिली.

"वाळायच्या आत परत लागायचा," आई म्हणाली, आणि तिने पुढच्या पताकेसाठी हात वर केला.

वेणुजाने गाठ सोडवली. वाऱ्याने पताका निसटून चालली, ती तिने मुठीत पकडली. आणि खाली द्यायच्या आधी, आपण काय करतोय हे ध्यानात यायच्या आत, ती ओली आहे का हे तिने बोटांनी चाचपून पाहिलं.