राहू दिले जाईल

"साहेब, एवढा शब्द बदला." बाईंनी नियमाच्या मसुद्यावर बोट ठेवले आणि कागद समितीच्या अध्यक्षांपुढे सरकवला.

बाई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची मुलगी तिथेच गेली. भेटीची वेळ संपली म्हणून बाईंना बाहेर काढले होते. लेक शेवटी कुणाला हाक मारत होती, हे त्यांना कधीच कळले नाही. पुढे चादरींचे गठ्ठे पोचवताना त्या मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर ताटकळणाऱ्या आयांजवळ टेकू लागल्या. चौघी जमल्या, मग चाळीस. आईला आजारी लेकराजवळ थांबू द्यावे म्हणून सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरून सह्या, अंगठे घेतले. कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे हा मसुदा निघाला होता.

"'एका पालकाला राहू देता येईल' असं लिहिलंय. म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. 'राहू दिले जाईल' करा."

"अर्थ तोच होतो, बाई," सचिव म्हणाले.

"तोच होत असेल, तर बदलायला काय हरकत आहे?"

अध्यक्षांनी खिशातले पेन काढले.

नियम लागू झाला त्या संध्याकाळी बाई पाळी संपवून मुलांच्या वॉर्डात गेल्या. इतकी वर्षे त्या गठ्ठे उंबऱ्यावरच ठेवून परत फिरायच्या. खिडकीपाशी तापाने फणफणलेल्या एका मुलीच्या उशाशी तिची आई बसली होती.

"मावशी, जरा बसता का? सकाळपासून हलले नाहीये. तोंडावर पाणी मारून येते."

बाई बसल्या. मुलीने झोपेतच त्यांचे बोट धरले. तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, आणि बाई सवयीने अर्ध्या उठल्या. बोट सुटेना.

नर्स वही घेऊन खाटेशी आली. मान वर न करताच तिने विचारले, "इथे एकच पालक थांबेल हं. आई तुम्हीच ना?"

बाईंनी दाराकडे पाहिले. मुलीची आई परतली होती. ओला चेहरा पुसत ती उंबऱ्यातच थांबली. आत आली नाही.

"हो," बाई पुन्हा खाली बसत म्हणाल्या. "थोडा वेळ."