तिसऱ्या रांगेतली थाप

मी भोंगा बोलतोय. आज चक्क स्वतःचं बोलतोय. एरवी जन्मभर दुसऱ्याचंच ओरडत आलो. माझी अक्कल विचाराल तर पुढे भलंमोठं तोंड, मागे बटण आणि मधे सगळी पोकळी.

लढाईची जागा आणि तिथली सैनिकांची दफनभूमी दाखवणाऱ्या एका गाइडने मला घेतलं. आधी खंदक, मग मोडका पूल, मग पांढऱ्या दगडांच्या रांगा, हा आमचा रोजचा फेरा. गाइडचा घसा नाजूक, पण कल्पनाशक्ती दणकट! तिसऱ्या रांगेतल्या एका दगडापाशी तो सांगायचा, "या वीराने एकट्याने पूल अडवून धरला!" लोक डोळे पुसायचे. मला वाटायचं, काय आपला आवाज!

एकदा सुनेच्या आधाराने एक आजी आल्या. गोष्ट संपली, टाळ्या पडल्या, तशा त्या पुढे झाल्या.

"हा माझा थोरला भाऊ. पूल कसला अडवतोय? फौजेत आचारी होता तो. तापाने गेला."

गाइडने मला पटकन पाठीमागे दडवलं. जणू थाप मीच मारली होती! तसा ओरडलो मीच होतो म्हणा.

"चुकलो, आजी. दगडावर नुसतं नाव. काहीतरी सांगायचं म्हणून रचलं."

"अहो, साठ वर्षांनी आले मी. म्हटलं, दादाशी दोन शब्द बोलावेत. तर इथे भलताच माणूस पुरलेला!"

गाइडची मान खाली गेली. त्याने मला त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच सांगा, आजी."

त्यांनी भलतंच बटण दाबलं आणि मी नको तेव्हा केकाटलो. मग त्या बोलल्या, "दादा चारशे माणसांचं रांधायचा. सगळे जेवल्यावर स्वतः बसायचा. अंधाराला फार भ्यायचा. पत्रात विचारायचा, आई अजून माझ्या खोलीत दिवा ठेवते का?"

टाळ्या नाहीत. एकाने टोपी काढली. सून म्हणाली, "आई, हे आम्हाला कधीच सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलंच नाही गं."

त्या दिवसापासून गाइड आचाऱ्याचीच गोष्ट सांगू लागला. टाळ्या थांबल्या, लोक मात्र त्या दगडापाशी जास्त वेळ रेंगाळायचे.

आता पर्यटकांच्या कानात इवलीशी यंत्रं असतात. मी पहारेकऱ्याच्या खोलीत, पाण्याच्या जुन्या नळीच्या वेटोळ्यात पडलोय. उद्या कुणी मला उचललंत, तर एवढंच करा: बटण दाबण्याआधी खरं काय ते कुणालातरी विचारा. मला विचारू नका. मला खरं-खोटं कळत नाही, फक्त मोठ्याने बोलता येतं.