वाइसाकेचा अंगठा

गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्च सुटल्यावर अख्खं गाव इथेच लोटलं होतं. मधोमध चटईवर इसिकेलीबुवा बसले होते. पलीकडच्या बेटावरून आलेले, आणि म्हणे सात पिढ्यांचा हातगुण! डाव्या हातावर झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड पांघरलेलं.

"हाड म्हणजे रुसलेली सून!" बुवा गरजले. "डॉक्टर तिला सुरी दाखवतो. मी नुसती हाक मारतो, की आलीच घरी!"

लोक खदाखदा हसले. समोर वाइसाके बसला होता, गावच्या रग्बी संघातला धिप्पाड गडी. आदल्या दिवशी सामन्यात त्याचा उजवा अंगठा बुडातून निखळला होता. बुवांनी तो धरला, काहीतरी पुटपुटत हिसका दिला. कडाक्! मागच्या बायकांनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बसला! दुखतंय का रे पोरा?"

वाइसाकेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण गावाने यंगोनाचा, म्हणजे मानाच्या पेयाचा, वाडगा पुढे करून मान दिलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं? तसं इथे बापजन्मी कुणी केलं नव्हतं.

"नाही काका," तो म्हणाला. "अजिबात नाही."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

दोन महिने गेले तरी अंगठा वाकडाच. कोयत्याची मूठ धरवेना, कसाव्याचे कंद सोलवेनात. कुणी विचारलं की गडी "झकास!" म्हणायचा आणि हात कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या घडीत लपवायचा. एक खोटं झाकायला रोज दुसरं. शेवटी गुपचूप होडीत बसून त्याने शहरातलं इस्पितळ गाठलं.

डॉक्टर अरिएताबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "पहिल्याच दिवशी आला असतास तर सुई टोचून, बधिर करून पाच मिनिटांत बसवला असता. आता आतला पडदा सांध्यात अडकून घट्ट झालाय. चिरा देऊन तो सोडवायचा, सांधा बसवायचा, वर तार घालायची. तरी पहिल्यासारखा वाकेल असं वचन नाही देत."

"पण आवाज आला होता, बाई! साऱ्या गावाने ऐकला."

"सांधा जागेवर आलाच नाही. मग आवाज कुठून आला? त्याचा दुसरा हात कुठे होता?"

वाइसाकेला ते कापड आठवलं आणि त्याची कानशिलं तापली.

शस्त्रक्रियेची परवाची तारीख घेऊन तो गावी परतला, तर सभागृहात पुन्हा गर्दी. इसिकेलीबुवा परत आले होते, डाव्या हातावर तेच कापड. चटईवर त्याची नऊ वर्षांची भाची लिटियाना सुजलेला अंगठा धरून हुंदके देत होती. सकाळीच झाडावरून पडली होती. तिची आई मेरेओनी समजावत होती, "रडू नको गं. मामाचा नाही का एका झटक्यात बरा झाला?"

धरणीने पोटात घ्यावं असं वाइसाकेला झालं.

"नाही झाला!" तो ओरडला. "कधीच बरा झाला नाही. हा बघा!"

"अरे दादा, मग तू तेव्हा..."

"खोटं बोललो, मेरे. एवढ्या लोकांत लाज वाटली."

"श्रद्धा कमी पडली याची!" बुवा उसळले. "शंकेखोराचं हाड कधी..."

वाइसाकेने पुढचं ऐकलंच नाही, सरळ कापड ओढलं. बुवांच्या मुठीत दोन जाडजूड कवड्या होत्या. त्याने त्या हिसकावून एकमेकींवर आपटल्या. कडाक्! या वेळी तर बुवांच्या हातात कुणाचाच अंगठा नव्हता.

मग कोपऱ्यातून म्हातारी लोसाना पुटपुटली, "यांनी बसवलेला माझा गुडघाही तसाच ठणकतोय रे. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या." एकेक मान खाली गेली. बुवांनी मात्र होडीची वाट धरली.

त्याच दुपारी वाइसाकेने भाचीला इस्पितळात नेलं. तिचा अंगठा खरोखरच पाच मिनिटांत, चिरा न देता बसला. वाइसाकेवर शस्त्रक्रिया झाली, तार निघाली, पण अंगठा आजही अर्धाच वाकतो.

"मामा, दुखत होतं तर बोलला का नाहीस?" पोरीने विचारलं.

मंडळी, बुवाने फक्त आवाज केला. चमत्कार आपण केला, गप्प बसून. वडीलधाऱ्यांना मान जरूर द्या, पण दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणि निखळलेला सांधा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. वाइसाके गावोगाव हेच सांगत फिरतो. सांगताना अजूनही त्याची मान वर होत नाही, पण तो सांगतो.